मीटिंग सगळ्यात आधी नको: कारखान्यात दोन विभागांचं जुंपलं की काय करायचं, टप्प्याटप्प्याने

नागपूरजवळचं बुटीबोरी असो, हिंगणा असो की कळमेश्वर, दोन विभागांचं वाजलं की बहुतेक कारखान्यांत एकच गोष्ट होते. प्लांट हेड दोन्ही एचओडींना (विभागप्रमुखांना) केबिनमध्ये बोलावतात. दोघं आपापली फाइल घेऊन येतात, जुने मेल वाचून दाखवले जातात, चहा येतो, आवाज चढतो आणि "तुम्ही दोघं आपसात को-ऑर्डिनेट करा" असं सांगून बैठक संपते. पुढच्या आठवड्यात तीच मशीन, तोच लॉट, तेच भांडण.

चूक क्रमाची आहे. खाली दिलेल्या क्रमात बैठक सहाव्या टप्प्यावर येते. आधीचे पाच टप्पे झाले नसतील तर ती ठेवूच नका. आकडे हातात नसताना दोन एचओडी समोरासमोर बसवले की दोघांनाही माघार घेता येत नाही, कारण माघार घ्यायची म्हणजे आपल्या माणसांना तोंडघशी पाडायचं.

## सुरू करण्याआधी: हा वाद या वाटेने न्यायचा आहे का?

चार प्रकारचे वाद या प्रक्रियेत आणू नका.

लैंगिक छळाची तक्रार असेल तर ती थेट अंतर्गत समितीकडे जाते. १० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी ही समिती असणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. "दोन्ही विभागांचं जमत नाही, त्यातून झालं असेल" असं म्हणून एचओडींनी ती तक्रार खिशात घालायची नाही. जातिवाचक बोलणं किंवा हात उचलणं हे शिस्तभंगाचं प्रकरण आहे, आणि दोन्ही बाबतींत फौजदारीही होऊ शकतं. पगार, ओव्हरटाइम, कंत्राटी कामगारांची देणी हा कामगार आणि व्यवस्थापन यांच्यातला विषय आहे. दोन विभागांच्या बैठकीत तो कोंबला की युनियनही दुखावते आणि मूळ वादही राहतो.

चौथा प्रकार सगळ्यात महत्त्वाचा. मशीनचा गार्ड (संरक्षक कव्हर) काढलेला आहे, मेंटेनन्स म्हणतं बंद करा, प्रॉडक्शन म्हणतं हा लॉट होऊ द्या. इथे मध्यममार्ग नसतो. जिवाचा प्रश्न असेल तिथे "बंद करा" म्हणणाऱ्याचा शब्द चालतो, मग तो शिकाऊ फिटर का असेना. आधी मशीन बंद, चर्चा नंतर.

### मध्यस्थ कोण?

दोघांपैकी कुणाच्याही टार्गेटवर ज्याचं इन्क्रिमेंट अवलंबून नाही, असा माणूस. एकट्या एचआरवर हे सोपवण्याची पद्धत आहे आणि ती फारशी चालत नाही. एचआरचा माणूस बैठक नीट हाताळतो, पण "हा लॉट कन्सेशनवर (थोडा मापाबाहेर असूनही खास परवानगीने) सोडता आला असता का?" या प्रश्नाला तो गप्प बसतो आणि दोघंही त्याला तिथेच गुंडाळतात. ड्रॉइंग आणि ब्रेकडाऊन स्लिप (मशीन बंद पडल्याची चिठ्ठी) वाचता येणारा तिसऱ्या विभागातला सीनियर आणि सोबत एचआर, ही जोडी सगळ्यात बरी.

नागपुरात एक गोष्ट जास्तीची पाहावी लागते. कोण कुणाच्या इंजिनीअरिंग कॉलेजचा, कोण कुणाच्या गावचा, कुणाच्या मुलाच्या लग्नात कोण वाढायला उभं होतं, हे सगळ्या शॉपला (मशीन चालतात त्या भागाला) माहीत असतं. मध्यस्थ कितीही सरळ असला तरी "तो तर त्यांचाच माणूस आहे" अशी कुजबुज गेटबाहेरच्या टपरीवर सुरू झाली की काम संपलं. नाव ठरवण्याआधी दोन्ही एचओडींना वेगवेगळं विचारा: यांच्यावर तुमचा आक्षेप आहे का?

## टप्पा १: वाद एका वाक्यात लिहा

"क्वालिटीवाले आम्हाला मुद्दाम अडवतात." हे वाद सांगणारं वाक्य नाही, हा राग आहे. वाक्य असं हवं: "दुसऱ्या शिफ्टमध्ये मशीन झालेल्या हाउसिंगच्या बोअरवर सकाळी क्वालिटीने होल्ड टॅग लावला, रात्री प्रॉडक्शनच्या मोजणीत तेच जॉब ओके होते."

(बोअर म्हणजे हाउसिंगमधलं गोल भोक, जॉब म्हणजे मशीनवरचा नग, होल्ड टॅग म्हणजे "पुढे पाठवू नका" ही चिठ्ठी.) जागा, शिफ्ट, वस्तू आणि काय झालं, एवढंच. माणसाचं नाव नको. "नेहमी", "कधीच", "मुद्दाम" हे शब्द दिसले की खोडा. लिहिलेलं वाक्य दोन्ही एचओडींकडे वेगवेगळं न्या आणि त्यावर सही घ्या. या सहीला वेळ लागतो. एकाला "होल्ड लावला" खटकतं, दुसऱ्याला "ओके होते" खटकतं. लागू द्या वेळ. पुढे बैठकीत तासभर चाललं असतं ते भांडण इथे कागदावरच्या दोन शब्दांवर आटोपतं.

तपासणी: ते वाक्य स्टोअरच्या माणसाला वाचायला द्या. काय झालं हे त्याला कळलं, पण चूक कुणाची हे कळलं नाही, तर वाक्य जमलं.

सावधान: एका वाक्यात दोन वाद आले असतील ("होल्ड लावला आणि मेंटेनन्सने स्पिंडल, म्हणजे मशीनचा फिरता दांडा, वेळेवर पाहिला नाही") तर ते वेगळे करा. तीन विभागांचा गुंता एका बैठकीत सुटत नाही.

## टप्पा २: घड्याळ एक करा

प्रॉडक्शन आणि मेंटेनन्स यांच्यातल्या निम्म्या भांडणांचं मूळ इथे सापडतं असं माझं मत आहे. दोघंही खरं बोलतात, फक्त दोघांची घड्याळं वेगळ्या क्षणी सुरू होतात.

एक ब्रेकडाऊन घ्या. मशीन १०:१० ला थांबली. ऑपरेटरने आधी स्वतः रीसेट करून पाहिलं, मग सुपरवायझरला शोधलं, स्लिप मेंटेनन्सला १०:३५ ला मिळाली. फिटर १०:५० ला पोचला. दुरुस्ती होऊन मशीन १२:२० ला प्रॉडक्शनच्या ताब्यात आली. ऑफसेट घेऊन (टूलची जागा पुन्हा जुळवून), एक-दोन जॉब वाया जाऊन पहिला ओके जॉब निघाला १:०५ ला.

प्रॉडक्शनच्या वहीत हा ब्रेकडाऊन १७५ मिनिटांचा आहे. मेंटेनन्सच्या वहीत १०५ मिनिटांचा. मधली ७० मिनिटं मेंटेनन्सच्या वहीत नाहीतच. स्लिप जाईपर्यंतची २५ आणि मशीन मिळाल्यापासून पहिला जॉब निघेपर्यंतची ४५. महिन्यात असे वीस ब्रेकडाऊन झाले की दोन्ही विभाग रिव्ह्यू मीटिंगमध्ये एकमेकांना खोटारडे म्हणू लागतात.

म्हणून दोन्ही लॉगबुकांतून एकच तक्ता बनवा. रकाने पाच: मशीन थांबली, स्लिप मिळाली, माणूस पोचला, मशीन ताब्यात दिली, पहिला ओके जॉब. गेल्या चार आठवड्यांच्या नोंदी दोन्ही विभागांच्या एकेका माणसाने शेजारी बसून भराव्यात. संगणकावर नंतर चढवा. आधी कागदावर, कारण कागदावर दोघांची बोटं एकाच ओळीवर येतात.

तारखांचं घड्याळही असंच जुळवावं लागतं, विशेषतः पर्चेस, क्वालिटी आणि अकाउंट्स यांच्यात. अकाउंट्स म्हणतं बिल आलंच नाही, स्टोअर म्हणतं जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) इन्स्पेक्शनसाठी थांबलाय, इन्स्पेक्शन म्हणतं मटेरियल कोपऱ्यात पडलं होतं, कुणी सांगितलंच नाही. तिकडे पुरवठादार पुढचा ट्रक सोडत नाही आणि लाइन उभी राहते. या भांडणात कायद्याचं घड्याळ मधोमध ठेवा. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे पैसे थांबवता येत नाहीत. मालावर लेखी हरकत घ्यायची तर डिलिव्हरीपासून १५ दिवसांत. नाही घेतली तर डिलिव्हरीचा दिवस हाच स्वीकाराचा दिवस धरतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. इन्स्पेक्शन विसाव्या दिवशी झालं आणि त्यात माल रिजेक्ट निघाला तर काय होईल, हा एक प्रश्न तिन्ही विभागांना विचारा. मटेरियल आल्यापासून इन्स्पेक्शन किती दिवसांत, याचं उत्तर मग त्यांचं तेच ठरवतात.

तपासणी: तक्त्यात एखादा रकाना सतत रिकामा राहतो का? बहुतेक वेळा वाद त्याच रकान्यात दडलेला असतो.

## टप्पा ३: मोजमापाचं भांडण आधी वेगळं काढा

प्रॉडक्शन विरुद्ध क्वालिटी असेल तर माणसांशी बोलण्याआधी गेज (माप घ्यायचं साधन) आणि थर्मामीटर पाहा. हा टप्पा वगळणारे फार आहेत, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तो वगळणं महागात पडतं.

आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ड्रॉइंगवरची मापं २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात. क्वालिटीची लॅब एसी लावून त्याच तापमानाला ठेवलेली असते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली शॉपवर ४४ अंश सहज असतं. आता ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमधला १०० मिलिमीटरचा बोअर घ्या. ॲल्युमिनियम दर अंशाला दर मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) वाढतं, गेजचं स्टील साधारण ११.५. चोवीस अंशांच्या फरकाने बोअर ५५ मायक्रॉन फुगतो, गेज २८ मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे शॉपवर तोच बोअर लॅबपेक्षा सुमारे २८ मायक्रॉन मोठा दिसतो. ऑपरेटरने शॉपवर बरोबर मध्यावर बसवलेला जॉब लॅबमध्ये २८ मायक्रॉन लहान येतो. टॉलरन्स (मापात चालणारा फरक) अधिक-उणे २५ मायक्रॉन असेल तर सरळ रिजेक्ट. कटिंग झाल्याझाल्या जॉब हवेपेक्षाही गरम असतो, ती वाढ वेगळीच.

आता सांगा, इथे खोटं कोण बोललं?

स्टीलचा जॉब, स्टीलचा गेज आणि दोघांचं तापमान सारखं, असं असेल तर फरक जवळपास कटून जातो. म्हणून "उन्हामुळे होतं" हे कारण प्रत्येक लॉटला चिकटवू देऊ नका. ॲल्युमिनियमला लागू पडणारी सबब लोखंडाच्या शाफ्टवर चालत नाही.

करायचं काय, तर वादातले जॉब उचला, त्यांवर नंबर टाका. तेच जॉब प्रॉडक्शनच्या माणसाने प्रॉडक्शनच्या गेजने आणि क्वालिटीच्या माणसाने क्वालिटीच्या गेजने, आधी शॉपवर आणि मग लॅबमध्ये जॉब पुरता थंड झाल्यावर, दोन्ही जागी मोजावेत. आकडे एकमेकांना न दाखवता लिहावेत. लॅबमध्ये दोघांचे आकडे जुळले आणि शॉपवर बिघडले तर तापमान. दोन्ही जागी जुळले नाहीत तर गेज किंवा हात. तशी शंका आली तर रीतसर गेज आर अँड आर करा, म्हणजे गेजमुळे आणि मोजणाऱ्याच्या हातामुळे मापात किती फरक पडतो याची चाचणी. टॉलरन्सच्या १० टक्क्यांखाली फरक असेल तर गेज चांगला, १० ते ३० मध्ये काम पाहून चालवायचा, ३० च्या वर गेला तर त्या गेजच्या भरवशावर कुणालाही दोष देता येत नाही.

शॉपवरचा साधा उपाय म्हणजे जॉबच्याच धातूची मास्टर रिंग (जिचं माप पक्कं माहीत आहे अशी कडी) जॉबशेजारी ठेवायची आणि तिच्यावर गेज शून्य करायचा. रिंग एसी लॅबमधून तेवढ्यापुरती आणून लगेच वापरली तर उपयोग शून्य, कारण ती अजून थंडच असते.

सावधान: मोजणी चालू असताना वादातला लॉट डिस्पॅचला जाऊ देऊ नका. होल्ड टॅग, वेगळी जागा, आणि नगांची संख्या दोन्ही विभागांच्या सहीने.

## टप्पा ४: जागेवर जा, शिफ्ट बदलताना जा

एचओडी जे सांगतात ते त्यांना सुपरवायझरने सांगितलेलं असतं, आणि सुपरवायझरला ऑपरेटरने. म्हणून मध्यस्थाने स्वतः शॉपवर उभं राहावं. दुपारी बारा वाजता नव्हे, तेव्हा सगळं सुरळीत असतं. शिफ्ट बदलते तेव्हा.

बुटीबोरीत काम करणारा बराचसा स्टाफ नागपुरातून येतो. कंपनीची बस शिफ्ट सुटल्यावर थोड्याच वेळात गेटवरून निघते आणि ती चुकली तर वर्धा रोडवर हात दाखवत उभं राहावं लागतं. त्यामुळे जाणाऱ्याचं लक्ष घड्याळाकडे असतं, येणारा अजून लॉकरपाशी असतो, आणि हँडओव्हर होतो तो चालता चालता: "दोन नंबरचं टूल पाहून घेजो." दोन नंबरच्या मशीनचं टूल की दोन नंबरचं टूल? रात्री अकरा वाजता हे कुणाला विचारणार? सकाळी रिजेक्शन निघतं आणि क्वालिटी व प्रॉडक्शन भांडतात. एचओडींना कितीही समजावलं तरी हे सुटणार नाही. बस दहा मिनिटं उशिरा सोडली किंवा येणाऱ्याला दहा मिनिटं आधी बोलावलं आणि त्या वेळेचा मोबदला रीतसर दिला, तर सुटण्याची शक्यता आहे.

मग दोन्हीकडच्या माणसांशी एकेकट्याने बोला. ऑपरेटर, फिटर, इन्स्पेक्टर, स्टोअरमधला इश्यू करणारा. प्रश्न साधे ठेवा. शेवटचं असं कधी झालं? तेव्हा तुम्ही सगळ्यात आधी कुणाला सांगितलं? किती वेळ थांबलात? काय मिळालं असतं तर थांबावं लागलं नसतं? "चूक कुणाची?" हा प्रश्न विचारू नका, त्याचं उत्तर सगळ्यांचं पाठ असतं.

फिटर म्हणेल, "साहेब, स्लिप त आत्ता आली. मशीन कवाची बंद आहे ते मले काय माहीत?" ऑपरेटर म्हणेल, "मी फोन लावला होता ना भाऊ, उचललाच नाही कोणी." दोन्ही लिहून घ्या, जसंच्या तसं. कंत्राटी कामगारांमध्ये मध्य प्रदेश, छत्तीसगड, बिहारकडची मुलं बरीच असतात. त्यांच्याशी हिंदीतच बोला, आणि त्यांच्या ठेकेदारासमोर बोलू नका.

तपासणी: रात्रपाळीतल्या निदान एका माणसाशी बोलणं झालं का? झालं नसेल तर टप्पा ४ अपुरा आहे. क्वालिटीचा एकच इन्स्पेक्टर, स्टोअरला कुलूप, मेंटेनन्सचा एक फिटर, अशा रात्रीच वाद पिकतात.

## टप्पा ५: कुणाचं टार्गेट कुणाच्या मुळावर येतं ते पाहा

इथे मध्यस्थाला थोडी हिंमत लागते, कारण बोट वरच्या दिशेने जातं.

प्रॉडक्शनला नग मोजून शाबासकी. क्वालिटीला कस्टमर कंप्लेंट आली नाही की शाबासकी. पर्चेसला दर खाली आणला की, स्टोअरला साठा कमी केला की. आता स्टोअरने साठा कमी करायचा म्हणून स्पेअर बेअरिंग ठेवणं बंद केलं, पर्चेसने स्वस्त म्हणून पंधरा दिवसांनी देणारा पुरवठादार धरला, आणि स्पिंडल बसला. स्टोअर आणि पर्चेस दोघंही आपापल्या टार्गेटमध्ये पास. मेंटेनन्स नापास आणि प्रॉडक्शन त्याच्या अंगावर धावून जातंय. अशा वादात एचओडींना समजुतीच्या चार गोष्टी सांगून काहीही होत नाही. टार्गेट ज्याने ठरवलं त्याच्याकडेच जावं लागतं.

बैठकीच्या आधी प्लांट हेडकडे एकच कागद न्या: कोणत्या विभागाचं कोणतं टार्गेट दुसऱ्याचं काम अडवतंय. मागणीही एकच ठेवा, निदान एक टार्गेट दोघांच्या नावावर असावं. प्रॉडक्शन आणि मेंटेनन्ससाठी "मशीन थांबल्यापासून पहिल्या ओके जॉबपर्यंतचा वेळ" हे चांगलं सामाईक टार्गेट आहे, कारण मधली ती सत्तर मिनिटं आता दोघांनाही टोचतात. ठरावीक अत्यावश्यक स्पेअरची यादी करून तेवढी साठ्याच्या टार्गेटमधून वगळणं हा दुसरा मार्ग.

प्लांट हेड "पुढच्या वर्षी बघू" म्हणाले तर तेही लिहून ठेवा. बैठकीत कशावर बोलून उपयोग नाही हे तरी तुम्हाला कळलं.

## टप्पा ६: आता बैठक

महिन्याचे शेवटचे तीन-चार दिवस टाळा. डिस्पॅचच्या घाईत कुणीही शहाणपणाने बोलत नाही. वेळ सकाळची, जागा कुणाचीही केबिन नको, ट्रेनिंग रूम चालेल. तास पुरे. माणसं जास्तीत जास्त सात: दोन एचओडी, दोन्हीकडचा एकेक शिफ्टचा माणूस, मध्यस्थ, एचआर, आणि टिपणं घेणारा. प्लांट हेड नकोत. ते बसले की सगळे त्यांच्याकडे बघून बोलतात.

क्रम असा:

१. मध्यस्थ टप्पा १ चं वाक्य वाचतो. त्यावर आता चर्चा नाही, सह्या झालेल्या आहेत.

२. टप्पा २ चा तक्ता आणि टप्पा ३ चे आकडे भिंतीवर. दोन मिनिटं सगळे नुसते वाचतात.

३. शिफ्टची माणसं आधी बोलतात, एचओडी नंतर. उलटं केलं तर ज्युनियर फक्त "सरांनी सांगितलं तसंच" म्हणतो.

४. प्रत्येक एचओडी समोरच्याची अडचण आपल्या शब्दांत सांगतो आणि समोरचा "हो, हेच" म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. हे ऐकायला पोरकट वाटतं. पण "तुम्हाला रात्री एकच इन्स्पेक्टर आहे आणि तो तीन लाइन बघतो" हे वाक्य प्रॉडक्शन मॅनेजरच्या तोंडून निघालं की खोलीतली हवा बदलते.

५. उपाय. आधी सुचतील ते सगळे लिहायचे, "हे होणार नाही" म्हणायला बंदी. मग निवड.

बैठकीत सगळ्यांना "तुम्ही". शॉपवर फिटरला एरवी "अरे-तुरे" करत असाल तरी इथे नाही. ज्याला "तू" म्हटलं जातं तो माणूस मोठ्यांच्या बैठकीत खरं बोलत नाही. "मागच्या दिवाळीतही तुम्ही असंच..." सुरू झालं की बाजूच्या कागदावर "जुने विषय" म्हणून लिहा आणि पुढे चला. आवाज चढला तर पाच मिनिटांची चहाची सुट्टी, वेगवेगळ्या दारांनी.

सावधान: शेवटी हात मिळवायला लावून फोटो काढू नका. सह्या पुरेशा आहेत.

## टप्पा ७: एका पानावर उतरवा

तोंडी ठरलेलं दोन शिफ्टपलीकडे टिकत नाही. पानावर चार गोष्टी: काय बदलणार, कोण करणार, कोणत्या तारखेपासून, आणि नाही झालं तर कुणाला सांगायचं. "समन्वय वाढवावा", "काळजी घ्यावी" अशी वाक्यं आली तर पान परत करा. बोअरच्या वादावरचं पान साधारण असं दिसेल:

"मशीनवर जॉबच्याच धातूची मास्टर रिंग कायम राहील, दर शिफ्टच्या सुरुवातीला ऑपरेटर तिच्यावर गेज शून्य करून शीटवर सही करेल. अंतिम निर्णय लॅबच्या मोजणीवर. जॉब लॅबमध्ये ठरलेला वेळ ठेवल्याशिवाय मोजायचा नाही, तो वेळ क्वालिटी लिहून देईल. सेटअपनंतरचा पहिला जॉब इन्स्पेक्टर अर्ध्या तासात पाहील. तो आला नाही तर ऑपरेटरने स्वतःहून लाइन सुरू करायची नाही. शिफ्ट इन्चार्जने क्वालिटीच्या ऑन-कॉल माणसाला फोन करायचा."

रात्री निर्णय कुणाचा, हे या पानात नसेल तर पान अर्धवट आहे. कन्सेशनवर माल सोडण्याचा अधिकार कुणाचा, हेही नावानिशी नव्हे तर पदानिशी लिहा. आयएसओ ९००१:२०१५ च्या ८.७ कलमात सदोष मालाची नोंद, दिलेलं कन्सेशन आणि निर्णय घेणारा अधिकारी हे नोंदवायला सांगितलंच आहे, म्हणजे ऑडिटसाठीही हेच पान कामी येतं. वेगळं रजिस्टर काढत बसू नका.

तपासणी: पानावरच्या प्रत्येक वाक्यात एक माणूस आणि एक वेळ आहे का?

## टप्पा ८: शिफ्टपर्यंत पोचवा

एचओडींनी सह्या केल्या म्हणजे शॉपला कळलं, असं होत नाही. तिन्ही शिफ्टच्या सुरुवातीच्या टूलबॉक्स टॉकमध्ये (कामाआधीच्या छोट्या सूचना-बैठकीत) हे पान दोन्ही विभागांच्या माणसांनी एकत्र उभं राहून सांगावं. फक्त प्रॉडक्शनच्या सुपरवायझरने सांगितलं तर ते "क्वालिटीने लादलेलं" वाटतं. पान मराठी आणि हिंदीत, मोठ्या अक्षरांत, मशीनजवळ. इंग्रजी प्रत फाइलला.

व्हॉट्सॲप ग्रुपचाही नियम इथेच करा. रात्री साडेअकराला रिजेक्ट जॉबचा फोटो, खाली "वा, सुंदर काम", आणि प्लांट हेडला टॅग, अशाने महिन्याभराची मेहनत एका मिनिटात पाण्यात जाते. ग्रुपवर फोटो, लॉट नंबर, मशीन नंबर, वेळ. शेरा नाही, टोमणा नाही, इमोजीसुद्धा नाही. शेरा मारणाऱ्याला त्याच्याच एचओडीने सकाळी बोलावून सांगावं, ग्रुपवर उत्तर देऊ नये.

## टप्पा ९: पाठपुरावा

पहिले दोन आठवडे दर सोमवारी पंधरा मिनिटं, उभ्या उभ्या, तक्त्यासमोर. दोन्ही विभागांचा एकेक माणूस आणि मध्यस्थ. त्यानंतर दर महिनाअखेरीला एकदा. पाहायचं एवढंच: पानावरचं कोणतं वाक्य कोणत्या शिफ्टला पाळलं गेलं नाही, आणि का.

पाळलं न जाण्याची कारणं पहिल्या पंधरवड्यात बहुतेक साधी निघतात. मास्टर रिंग कुलपात होती. ऑन-कॉल नंबर बदलला होता. नवीन आलेल्या कंत्राटी मुलाला कुणी सांगितलंच नव्हतं. अशा कारणांवर एचओडींना चिठ्ठ्या पाठवू नका, तिथल्या तिथे दुरुस्त करा. मात्र एकाच माणसाने एकच वाक्य तीनदा मोडलं तर ते त्याच्या एचओडीकडे जातं, आणि एचओडीने स्वतःच मोडलं तर थेट प्लांट हेडकडे. ही पायरी बैठकीतच सांगून ठेवलेली असली की नंतर कुणाला ती चुगली वाटत नाही.

नियम चुकीचाच निघाला, असंही होतं. पहिला जॉब अर्ध्या तासात पाहणं एका इन्स्पेक्टरला तीन लाइनवर जमत नसेल तर ते तक्त्यात दिसेल. मग पान बदला, नवी तारीख टाका, पुन्हा दोन्ही सह्या घ्या आणि जुनं पान मशीनवरून काढून टाका. एकाच खांबावर दोन तारखांची दोन पानं लटकत राहिली की दोन्ही विभाग आपल्या सोयीचं पान वाचतात.

वाद बंद झाला असं केव्हा म्हणायचं? लागोपाठ तीन महिनाअखेरी पार पडल्यावर, आणि बोअरसारखा विषय असेल तर त्यात एक मे महिना आल्यावर. तोवर फाइल उघडी ठेवा आणि "जुने विषय" लिहिलेला तो बाजूचा कागद तिच्यातच लावा. त्यातला एखादा विषय पुन्हा वर आला तर त्याला टप्पा १ पासून स्वतंत्र घ्या.